प्राध्यापक फुकुराई आणि बंद लिफाफ्यांचे प्रयोग

१९९८ साली आलेला ‘रिंग’ हा जपानी भयपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल; निदान चार वर्षांनी हॉलिवूडने काढलेली त्याची आवृत्ती तरी. विहिरीतून वर येणारी, केसांनी चेहरा झाकलेली सादाको त्या चित्रपटाने जगभर पोहोचवली. त्याच चित्रपटात एक छोटा प्रसंग आहे. सादाकोची आई वार्ताहरांसमोर दिव्यदृष्टीचे प्रात्यक्षिक करते, एक प्राध्यापक तिच्या पाठीशी उभा असतो, वार्ताहर फसवणुकीचा आरोप करतात आणि पुढे ती स्त्री आपले आयुष्य संपवते. प्रेक्षकाला हा कादंबरीकाराचा कल्पनाविलास वाटतो. जपानी वाचकाला मात्र त्यामागची खरी माणसे ठाऊक आहेत. त्या प्राध्यापकाच्या मागे उभे आहेत तोक्यो इम्पीरियल विद्यापीठातील मानसशास्त्राचे सहयोगी प्राध्यापक फुकुराई तोमोकिची. त्यांच्या प्रयोगांत सहभागी झालेल्या दोन स्त्रिया १९११ सालच्या पहिल्या दोन महिन्यांत मरण पावल्या, आणि त्यानंतर चार वर्षांत खुद्द फुकुराई विद्यापीठाबाहेर होते.

जपानमधील मानसशास्त्राच्या इतिहासात या प्रकरणाला ‘सेनरिगान प्रकरण’ म्हणतात. सेनरिगान म्हणजे हजार ली अंतरावरचे पाहणारा डोळा; ली हे चिनी मोजमाप. आपल्याकडे कुरुक्षेत्रावरचे युद्ध राजवाड्यात बसून सांगणाऱ्या संजयाची जी दृष्टी, तीच ही.

फुकुराई यांचा जन्म १८६९ सालचा, म्हणजे मेइजी राजवट सुरू झाल्यानंतरच्या वर्षातला. गाव हिदा डोंगररांगांमधले ताकायामा. जपानला राहिलेले किंवा फिरून आलेले मराठी वाचक हे गाव विसरणार नाहीत : लाकडी घरांच्या अरुंद गल्ल्या, साकेच्या भट्ट्या, कुशल सुतारांची परंपरा. अशा आडबाजूच्या गावातून निघून ते सेंदाईच्या सरकारी उच्च विद्यालयात आणि तिथून राजधानीतील विद्यापीठात पोहोचले. १८९९ साली तत्त्वज्ञान शाखेतून पदवी घेतल्यावर त्यांनी मोतोरा युजिरो यांच्या मार्गदर्शनाखाली मानसशास्त्राचा पुढील अभ्यास सुरू केला.

मोतोरा हे जपानमधील मानसशास्त्राचे आद्य पुरुष. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्टॅन्ली हॉल यांच्या हाताखाली शिकून १८८८ साली डॉक्टरेट घेऊन ते परतले होते. संवेदनांचे मापन, प्रतिक्रियेला लागणारा वेळ, अवधानाचे प्रयोग असे त्या काळचे नवे शास्त्र त्यांनी आपल्या देशात आणले. विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली ती १९०३ साली. अशा तरुण विषयाला प्रतिष्ठेची काळजी फार असते. मानसशास्त्राला भौतिकशास्त्राच्या पंगतीला बसायचे होते आणि ती पंगत आपल्याला उठवणार तर नाही ना, ही धास्ती जपानमध्येच नव्हे, जर्मनीत आणि अमेरिकेतही होती.

फुकुराई यांना ओढ लागली ती संमोहनाची. विल्यम जेम्स यांच्या मानसशास्त्रावरील ग्रंथाचा त्यांनी जपानीत अनुवाद केला होता. हे जेम्स म्हणजे एका बाजूने आधुनिक मानसशास्त्राचे पायाभूत ग्रंथ लिहिणारे आणि दुसऱ्या बाजूने मृतात्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमांकडे वर्षानुवर्षे गंभीरपणे पाहणारे विचारवंत. १९०६ साली फुकुराई यांना संमोहनाच्या मानसशास्त्रीय अभ्यासासाठी डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी त्यांचा संमोहनावरचा ग्रंथ आला आणि १९०८ मध्ये ते सहयोगी प्राध्यापक झाले. संमोहनाचे तेव्हा जपानमध्ये अक्षरशः वेड होते. आजार बरे करणारे, सवयी सोडवणारे, नुसती करमणूक करणारे संमोहनकार गावोगावी होते. इतके की १९०८च्या पोलीस नियमांत संमोहनाच्या मनमानी वापराला शिक्षेची तरतूद करावी लागली. रस्त्यावरच्या संमोहनकाराला नियम होता. विद्यापीठातील संशोधकाने माणसांवर प्रयोग कसे करावेत याचा नियम मात्र कुठेच नव्हता.

मिफुने चिझुको हिचे नाव फुकुराई यांच्या कानावर आले ते या वातावरणात. ती क्यूशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतातील, १८८६ साली जन्मलेली. तिच्या बहिणीचा नवरा कियोहारा हौशी संमोहनकार होता. त्याने तिला संमोहित अवस्थेत दिव्यदृष्टीच्या सूचना दिल्या आणि तिला बंद वस्तूंच्या आतले दिसू लागले, असे सांगितले जाई. ती रुग्णांच्या शरीरातील विकार ‘पाहून’ सांगत असे, उपचारही करीत असे. तिच्याकडे उपचारासाठी आलेल्यांत क्योतो इम्पीरियल विद्यापीठाचे एक माजी अध्यक्ष होते, आणि त्यांच्यामुळेच ही वार्ता विद्वानांपर्यंत पोहोचली. क्योतोचे मनोविकारतज्ज्ञ प्राध्यापक इमामुरा शिनकिची यांनी आधी तिची परीक्षा घेतली. फुकुराई यांनी बंद केलेली पत्रे टपालाने कुमामोतोला पाठवली; उत्तरे टपालानेच आली. एप्रिल १९१० मध्ये दोघे प्राध्यापक प्रत्यक्ष तिच्या घरी गेले.

प्रयोग कसा होत असे, ते बारकाईने पाहायला हवे, कारण पुढचे सगळे त्यातून आले. कागदावर काही अक्षरे लिहून तो कागद लिफाफ्यात किंवा डबीत बंद करायचा. चिझुको ती वस्तू हातात घेई, पाहणाऱ्यांकडे पाठ करून कोपऱ्यात बसे, चित्त एकाग्र करी आणि काही वेळाने आतली अक्षरे सांगे. समोर कोणी पाहत असले की तिचे चित्त विचलित होते, म्हणून पाठ. वस्तूला स्पर्श झाल्याशिवाय दिसत नाही, म्हणून ती हातात. उपस्थितांना तिची पाठ दिसे आणि तिचे हात दिसत नसत.

आज पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही इथे बोट ठेवील. बंद लिफाफ्याच्या प्रयोगात पाहण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे हात. नेमकी तीच झाकलेली असेल, तर उत्तर बरोबर आले काय आणि चुकले काय, त्यातून दिव्यदृष्टीविषयी काहीच निष्पन्न होत नाही. ती फसवत होती असे सिद्ध होत नाही आणि फसवत नव्हती असेही नाही. हे कळण्यासाठी भविष्याची वाट पाहण्याचीही गरज नव्हती. बर्लिनमध्ये ‘हुशार हान्स’ या गणिते सोडवणाऱ्या घोड्याचे प्रकरण तीनच वर्षांपूर्वी निकालात निघाले होते. ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले होते की घोडा गणित करीत नसून प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे आणि मानेवरचे नकळत होणारे बदल वाचतो. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर घोड्यालाही ते येत नाही. तिथे मालक लबाड नव्हता, घोडा तर नव्हताच. दोष परीक्षेच्या रचनेत होता.

फुकुराई यांना हे कळत नव्हते असे मानणे कठीण आहे. सवलती त्यांनी दिल्या त्या सौजन्यापोटी, असे मला वाटते. समोर एक संकोची तरुण स्त्री, तिच्या घरातच चाललेला प्रयोग, आजूबाजूला तिचे नातलग, आणि आपण राजधानीहून आलेले पाहुणे. अशा वेळी लिफाफा हातातून काढून घेणे किंवा माझ्याकडे तोंड करून बसा असे बजावणे म्हणजे तिला चोर ठरवणे. आपल्या घरांतही कोणी भगत, कोणी बाई अंगात येऊन काही सांगू लागली, तर शिकलेली माणसे परीक्षा पाहत नाहीत. ती अविश्वासापेक्षा असभ्यतेला जास्त भितात. मात्र संशोधकाने हे सौजन्य एकदा दाखवले की पुढे तिला कोणीच वाचवू शकत नाही, कारण तिच्या बाजूने पुरावा म्हणून ठेवावे असे काही हाती उरत नाही.

कुमामोतोहून परतल्यावर फुकुराई यांनी आपले निष्कर्ष विद्वानांपुढे मांडले आणि वृत्तपत्रांनी ते उचलले. काही आठवड्यांत चिझुको देशभर ठाऊक झाली. ठिकठिकाणी नवे दिव्यदृष्टीवाले प्रकट होऊ लागले. ज्या देशाने पाच वर्षांपूर्वी रशियाला हरवले होते आणि जिथे क्ष-किरणांनी हाडांची चित्रे काढता येतात हे लोकांनी नुकतेच पाहिले होते, तिथे मनाचेही किरण असू शकतात ही कल्पना वेडगळ वाटत नव्हती. पॅरिसची विज्ञान अकादमीदेखील काही वर्षांपूर्वी ब्लोंदलो यांच्या ‘एन’ किरणांना भुलली होती. ते किरण अस्तित्वातच नव्हते. फुकुराई यांना हसण्यापूर्वी हा काळ ध्यानात घ्यावा.

सप्टेंबर १९१० मध्ये चिझुकोला तोक्योला आणून मान्यवर शास्त्रज्ञांपुढे प्रयोग ठेवण्यात आला. त्यांत प्रमुख होते यामाकावा केंजिरो. आइझूच्या सामुराई घराण्यातील हे गृहस्थ अमेरिकेत येल विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकले होते आणि तोक्यो इम्पीरियल विद्यापीठाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले होते. जपानमध्ये क्ष-किरणांचे पहिले प्रयोग करणाऱ्यांपैकीही ते एक. त्यांनी शिशाच्या वीस नळ्या तयार करून आणल्या होत्या. प्रत्येकीत तीन अक्षरे लिहिलेला कागद, आणि तोंडे डाख देऊन बंद. चिझुको पाठमोरी बसली, तिने उत्तर दिले, नळी उघडण्यात आली. उत्तर अचूक होते. पण यामाकावा यांनी आपली यादी पाहिली, तर ही अक्षरे त्यांच्या वीस नळ्यांपैकी कोणत्याच नळीत नव्हती. चौकशीअंती कळले की ती नळी फुकुराई यांनी तिला सरावासाठी आदल्या दिवशी दिली होती. यामाकावा यांच्या नळ्यांतले आपल्याला दिसले नाही, असे तिचे म्हणणे पडले.

यानंतर सैल अटींवर पुन्हा प्रयोग झाले, त्यांत तिला यशही मिळाले. पण वर्तमानपत्रांचा सूर पालटला होता. काल देवता असलेली बाई आज ठक ठरू लागली. इथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. सरावाची नळी तिच्याजवळ राहिली, याची जबाबदारी कोणाची? प्रयोगाचे साहित्य मोजून देणे आणि मोजून घेणे हे प्रयोगकर्त्याचे काम. फुकुराई यांच्या या ढिलाईचा परिणाम त्यांच्या नावावर पडण्याआधी तिच्या नावावर पडला.

दरम्यान फुकुराई यांचे लक्ष दुसऱ्या एका स्त्रीकडे वळले होते. शिकोकू बेटावरच्या मारुगामे शहरातील एका न्यायाधीशांची पत्नी, नागाओ इकुको. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर. तिची परीक्षा घेताना फुकुराई यांनी एक खरोखरच चतुर युक्ती योजली. फोटोच्या काचेवर अक्षराचे चित्र घ्यायचे, पण ती काच रसायनात धुवायची नाही. न धुतलेल्या काचेवर डोळ्यांना काहीच दिसत नाही. लिफाफा चोरून उघडला तरी उपयोग नाही. ती काच तिला वाचता आली, तर मोठेच काम झाले. पद्धतीच्या दृष्टीने ही कल्पना चिझुकोच्या लिफाफ्यांपेक्षा कितीतरी सरस होती. पण काचा धुतल्यावर त्यांतल्या काहींवर प्रकाश पडल्यासारखे डाग दिसले. नुकतीच घरी हाताळली गेलेली फोटोची काच डागाळली, तर पहिला संशय कशाचा घ्यावा? कुठून तरी उजेड शिरला, याचा. फुकुराई यांनी त्याऐवजी असा तर्क केला की तिच्या मनाच्या एकाग्रतेनेच काचेवर परिणाम केला. मग तिला मनात धरलेले अक्षर काचेवर उमटवायला सांगण्यात आले आणि डिसेंबर १९१० मध्ये तशा काचा मिळूही लागल्या. या प्रकाराला त्यांनी ‘नेनशा’ असे नाव दिले : विचारांचे छायाचित्रण. हा शब्द त्यांचाच आणि तो आजही जपानी भाषेत आहे.

दिव्यदृष्टी तपासण्यासाठी रचलेला प्रयोग फसला, तेव्हा त्या फसण्यातून त्याहूनही मोठा दावा उभा राहिला. फुकुराई यांच्या आयुष्यातील निर्णायक चूक मला ही वाटते. प्रयोगाला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक त्यांनी ठेवली नव्हती. उत्तर बरोबर आले तर शक्ती सिद्ध, चुकले तर चित्त विचलित, काच खराब झाली तर नवी शक्ती.

जानेवारी १९११च्या पहिल्या आठवड्यात यामाकावा आपल्या तरुण सहकाऱ्यांसह मारुगामेला गेले. प्रयोग नागाओ यांच्या घरीच, त्यांच्या अटींवर. कोणते अक्षर उमटवायचे ते आधी सांगायचे, काचा घरातल्या एका खोलीत ठेवायच्या. पाहुण्यांनी वेष्टनांवर बारीक खुणा करून ठेवल्या होत्या आणि त्यांपैकी काही हलल्याचे त्यांना आढळले. मग एक विचित्र घटना घडली. भौतिकशास्त्रज्ञ फुजी नोरिआत्सु यांनी एका खेपेस काच आत घालायचीच राहून गेली. काच नाही हे इकुकोच्या बाजूने सांगितले गेले. आपल्यावर सापळा लावला, अशी त्या घराची भावना झाली. भौतिकशास्त्रज्ञांना उलट शंका आली की वेष्टन न उघडता हे कळले कसे. प्रकरण कडवट होऊन थांबले. फेब्रुवारीत फुजी आणि त्यांचे सहकारी फुजिवारा साकुहेई यांनी या प्रयोगांची सविस्तर नोंद पुस्तकरूपाने छापली. हे फुजिवारा म्हणजे पुढे हवामानशास्त्रात गाजलेले तेच; दोन चक्रीवादळे जवळ आली की एकमेकांभोवती फिरू लागतात, त्या परिणामाला आज त्यांचेच नाव आहे.

हे चालू असतानाच, जानेवारी १९११ मध्ये, चोवीस वर्षांच्या चिझुकोने कुमामोतोला विष घेऊन जीवन संपवले. टीकेमुळे, असे तेव्हा अनेकांनी मानले आणि चित्रपटाने तेच घेतले. तिच्या उपचारांतून येणाऱ्या पैशावरून घरात ताण होते, हेही पुढे आले आहे. कोणाच्याही आत्महत्येला एकच कारण चिकटवणे योग्य नव्हे. त्यानंतर फेब्रुवारी अखेरीस इकुको न्यूमोनियाने गेली. तिच्या मृत्यूचा प्रयोगांशी वैद्यकीय संबंध नाही. पण आयुष्याचे शेवटचे आठवडे तिने फसवणुकीच्या जाहीर आरोपाखाली काढले.

या दोघींची संमती कोणी घेतली होती, असा प्रश्न त्या काळाला विचारणे अन्यायाचे आहे का? काही अंशी आहे. न्यूरेम्बर्गची संहिता १९४७ची, हेलसिंकी जाहीरनामा १९६४चा. परंतु प्रशियाच्या सरकारने उपचाराखेरीज केल्या जाणाऱ्या वैद्यकीय प्रयोगांसाठी त्या व्यक्तीला धोके समजावून संमती घ्यावी, असा आदेश १९०० सालीच काढला होता, आणि जपानचे वैद्यक तर जर्मन वळणाचे होते. विचार जगात आलेला होता. मेइजी जपानच्या कायद्यात मात्र कुटुंबप्रमुख पुरुषाचा शब्द अखेरचा. चिझुकोच्या वतीने तिचा मेहुणा बोले, इकुकोच्या वतीने तिचा नवरा. प्रयोग कुठे, कोणापुढे, किती वेळा, याचे व्यवहार पुरुषांनी पुरुषांशी केले. फुकुराई यांनी तिला राजधानीत आणले, यामाकावा यांनी नळ्यांना डाख दिला, वार्ताहरांनी मथळे दिले. प्रयोग फसला तर तिचे काय होईल याचा विचार करणे यांपैकी कोणाच्याच कामात मोडत नव्हते. शंकेखोर शास्त्रज्ञांची पद्धत निःसंशय बरोबर होती. तरीही तिच्याशी त्यांचे नाते फुकुराई यांच्यापेक्षा फार निराळे नव्हते. एकासाठी ती पुरावा होती, दुसऱ्यासाठी प्रतिपुरावा. तिचे नाव झाकून ठेवावे, वृत्तपत्रांना निष्कर्ष निघेपर्यंत दाराबाहेर ठेवावे, हे कोणाला सुचले नाही.

योगायोग असा की १९१२ साली हारागुची त्सुरुको या जपानी तरुणीने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानसिक थकव्यावर प्रायोगिक संशोधन करून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. जपानी स्त्री प्रयोगशाळेत प्रयोगकर्ती म्हणून बसली ती आधी परदेशात. मायदेशाच्या इम्पीरियल विद्यापीठांत पहिल्या विद्यार्थिनींना प्रवेश मिळाला तो १९१३ मध्ये, सेंदाईला.

फुकुराई थांबले नाहीत. गुरू मोतोरा डिसेंबर १९१२ मध्ये वारले. त्यानंतर फुकुराई यांनी ताकाहाशी सादाको नावाच्या तिसऱ्या स्त्रीवर प्रयोग केले (चित्रपटातले नाव इथून आले असे मानले जाते) आणि १९१३च्या उन्हाळ्यात दिव्यदृष्टी आणि नेनशा या विषयावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी या शक्ती सिद्ध सत्य म्हणून मांडल्या. ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाने त्यांना पदावरून दूर करून सक्तीच्या रजेवर पाठवले. १९१५ साली विद्यापीठाशी त्यांचा संबंध संपला. त्या वेळी विद्यापीठाच्या अध्यक्षपदावर दुसऱ्यांदा आलेले होते यामाकावा केंजिरो. यावरून सूडाची कथा रचण्याचे कारण नाही; निर्णय संस्थेचा होता. पण शिक्षा मिळाली ती मानलेल्या निष्कर्षाबद्दल. दोन स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या फरफटीबद्दल विद्यापीठाने कोणाला जाब विचारला नाही.

विद्यापीठाने या प्रकरणातून घेतलेला धडा असा की असल्या विषयांच्या वाटेला जायचेच नाही. मोतोरा यांच्या जागी क्योतोहून मात्सुमोतो मातातारो आले; त्यांचा भर मापन आणि उपयोजित प्रयोगांवर होता. मनोविकार, संमोहन, असामान्य मनोवस्था यांचा अभ्यास जपानी विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांतून मागे पडला, आणि उपचारात्मक मानसशास्त्राची वाढ त्यामुळे खुंटली, असे या विषयाचे जपानी इतिहासकार मांडतात. जपानमध्ये मानसशास्त्रज्ञांसाठी शासनमान्य परवान्याचा कायदा २०१५ साली झाला. शंभर वर्षांच्या या विलंबाचे सारे खापर फुकुराई यांच्यावर फोडता येणार नाही, परंतु त्यांचा वाटा नाही असेही म्हणता येत नाही.

इथे थोडे आपल्या घराकडे पाहू. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस द्यायच्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगायचे. यशाचा निकष आधीच जाहीर केलेला. मुलांची ओळख ज्योतिष्यांना कळणार नव्हती. सत्तावीस जणांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांची सरासरी सुमारे ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीइतकीच. फुकुराई प्रकरणाशेजारी ही चाचणी ठेवली की फरक चटकन दिसतो. इथे कोणाला व्यासपीठावर बसवले नाही, कोणाचे हात पकडले नाहीत, कोणी एक माणूस ठक ठरला नाही. प्रयोग काटेकोर असल्यामुळेच तो कोणाचा अपमान न करता पार पडला. कडक नियम म्हणजे अविश्वास, ही फुकुराई यांची समजूत उलट होती. आधी ठरलेले, सर्वांना सारखे लागू असलेले नियम चिझुकोलाही आसरा देऊ शकले असते.

विद्यापीठ सुटल्यावर फुकुराई यांची सदतीस वर्षे उरली होती. मन बाह्य वस्तूवर थेट परिणाम करते, हा आता त्यांच्यासाठी तपासायचा प्रश्न राहिला नव्हता, श्रद्धेचा विषय झाला होता. ते साधनेकडे आणि गूढवादी बौद्ध मताकडे वळले. १९२६ पासून सुमारे चौदा वर्षे त्यांनी कोयासान विद्यापीठात अध्यापन केले. कोयासान म्हणजे शिंगोन पंथाचे डोंगरावरचे महापीठ; इथले मंत्र आणि बीजाक्षरे भारतातून चीनमार्गे गेलेली. तिथे त्यांच्या विचारांना घर मिळाले. १९२८ साली लंडनला भरलेल्या अध्यात्मवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी आपले प्रयोग मांडले आणि १९३१ मध्ये त्यांच्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती लंडनहून निघाली. परदेशात त्यांना वाचक मिळाले ते मानसशास्त्रज्ञांपेक्षा परलोकवाद्यांत अधिक.

ते लबाड होते असे त्यांच्या कडव्या टीकाकारांनीही सहसा म्हटलेले नाही. पद गेले, प्रतिष्ठा गेली, तरी त्यांनी भूमिका सोडली नाही. मराठी मनाला असा हट्ट मोहवतो. सत्यासाठी सर्वस्व सोडणारा माणूस म्हणून त्यांची कथा सांगणे सोपे आहे, आणि त्यांच्या चाहत्यांनी ती तशीच सांगितली आहे. मला त्या कथेत एक खटकते. सर्वस्व सोडणाऱ्या त्या माणसाला जगायला आणखी चार दशके मिळाली. चिझुकोला चार महिने मिळाले.

त्यांच्या उत्तरायुष्यातील प्रमुख प्रयोगसहभागी मिता कोइची हा पुरुष होता. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीस मिता यांनी मनाच्या बळावर चंद्राची पृथ्वीवरून कधीच न दिसणारी बाजू काचेवर उमटवल्याचे जाहीर झाले. हा दावा तेव्हा कोणालाच पडताळता येत नव्हता. फुकुराई १९५२च्या मार्चमध्ये सेंदाई येथे वारले. १९५९ साली ‘लुना ३’ या सोव्हिएत यानाने चंद्राच्या त्या बाजूची पहिली छायाचित्रे पृथ्वीवर पाठवली. पुढच्याच वर्षी सेंदाईत त्यांच्या नावाने संशोधनसंस्था स्थापन झाली. मिता यांचे चित्र आणि खरी छायाचित्रे जुळतात, असे सिद्ध करण्याचा प्रयत्न त्यांच्या अनुयायांनी बराच काळ केला; खगोलशास्त्राने त्याची दखल घेतली नाही. ताकायामात त्यांचे छोटे स्मारक-दालन आहे, जुन्या किल्ल्याच्या टेकडीवरील बागेत.